समोरचा सारखी मारामारी करतो, काय करू? : मोहरे कापत सुटणाऱ्या खेळाडूंबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेची स्पर्धा असो, सोसायटीतला रविवारचा पट असो नाहीतर रात्री मोबाइलवर खेळलेला पाच मिनिटांचा डाव, एक तक्रार हमखास ऐकू येते: "तो नुसता मारत सुटला. खेळूच दिलं नाही." या तक्रारीला हसून सोडून द्यावं असं मला वाटत नाही. बुद्धिबळ मनापासून आवडणाऱ्या माणसालाच असं वाटतं. पण तिच्यामागे मारामारीबद्दलचा, म्हणजे मोहऱ्याच्या बदल्यात मोहरा मारण्याबद्दलचा, एक मोठा गैरसमज आहे आणि तो दूर झाला की अशा खेळाडूंविरुद्धचे डाव चक्क सोपे होऊ लागतात. शिकवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

दिसेल तो मोहरा मारणं हे खरं बुद्धिबळ आहे का?

आहे. नियमात तर आहेच, पण डावपेच म्हणूनही आहे. प्रश्न फक्त एवढाच, की मारणाऱ्याने विचार करून मारलं की हात शिवशिवला म्हणून मारलं. पहिल्या प्रकारच्या खेळाडूला मान द्यायचा आणि सांभाळून राहायचं. दुसऱ्या प्रकारचा खेळाडू दर मारामारीत तुम्हाला काहीतरी देऊन जातो. ते उचलायला शिकायचं.

लोक असे का खेळतात?

बहुतेक वेळा भीतीने. पटावर बत्तीस मोहरे असले की कुठून काय येईल याचा अंदाज लागत नाही. चार मोहरे कमी झाले की धोके कमी दिसतात, जिवाला बरं वाटतं. नवशिक्यांना आणखी एक सवय असते: मारता येतंय म्हणजे मारायलाच पाहिजे. पुष्कळ मुलं घरी भावंडांबरोबर शिकतात आणि तिथे 'किती मारले' हाच हिशेब असतो.

काही जण मात्र ठरवून करतात. तुमचं रेटिंग (खेळाच्या ताकदीचा आकडा) त्यांच्यापेक्षा बरंच जास्त असेल, तर बरोबरी त्यांना विजयासारखी असते. काही जणांचा शेवटचा डाव, म्हणजे थोडेच मोहरे उरल्यावरचा खेळ, पक्का असतो, त्यांना तिथे लवकर पोहोचायचं असतं. समोरचा यातला कोण, हे पहिल्या दहाबारा चालींत कळतं. मारण्याआधी तो थांबून विचार करतो का, ते पाहा.

मला एवढी चीड का येते?

कारण तुम्ही मनात एक डाव रचलेला असतो. राजावर हल्ला, घोडा एफ५ ला (एफ ही उभी पट्टी, पाचवी आडवी रांग), हत्ती उचलून तिसऱ्या रांगेत. समोरच्याने तो घोडाच मारला की सगळी कल्पना गेली. राग येणं साहजिक आहे. पण त्या रागाच्या भरात पुढच्या दोनतीन चाली बिघडतात आणि डाव तिथेच हातचा जातो. चिडलेला खेळाडू दोन गोष्टी करतो: मारामारी टाळण्यासाठी चांगला मोहरा मागे नेऊन ठेवतो, किंवा डावात जीव आणायचा म्हणून नसता बळी देतो. दोन्हींत समोरच्याला कष्ट न करता फायदा मिळतो.

मोहऱ्याला मोहरा गेला, म्हणजे मारामारी समसमान झाली ना?

इथेच सगळी गोम आहे. घोड्याला घोडा, तीनाला तीन (घोड्याची किंमत तीन धरतात), हा हिशेब बरोबर आहे पण अपुरा आहे. मारामारीनंतर पटावर काय उरलं, ते मोजायचं. एक उदाहरण पट मांडून करून पाहा, कारण सारखी मारामारी करणारे खेळाडू ही चूक अगदी ठरल्यासारखी करतात.

पांढरा ई४, काळा ई५. घोडा एफ३, घोडा सी६. पांढऱ्याने डी४ प्यादं दोन घरं पुढे टाकलं, काळ्याने ई प्याद्याने ते मारलं, पांढऱ्याने घोड्याने परत मारलं. हा स्कॉच डाव. आता काळा लगेच आपल्या सी६ च्या घोड्याने डी४ चा घोडा मारतो आणि पांढरा वजिराने तो घोडा मारतो. मोहरे समान आहेत. आता पट नीट बघा. काळ्याने केलेल्या चारही चाली पटावरून पुसल्या गेल्या आहेत: ज्या प्याद्याने आणि ज्या घोड्याने तो खेळला, ते दोन्ही आता नाहीत. त्याचे बाकीचे सगळे मोहरे मूळ घरात आहेत. पांढऱ्याचं प्यादं ई४ वर उभं आहे आणि वजीर पटाच्या मध्यभागी येऊन बसला आहे. एरवी इतक्या लवकर वजीर बाहेर काढला तर सी६ चा घोडा त्याला हुसकावतो. इथे तो घोडाच काळ्याने स्वतःच्या हाताने संपवला.

मारामारीची सवय असलेला खेळाडू इथेही थांबत नाही. तो वजीर एफ६ ला आणतो आणि वजिरावजिरी मागतो. घाबरायचं कारण नाही. शांतपणे उंट ई३ ला ठेवून वजिराला जोर द्या. त्याने वजीर मारला की तुमचा उंट डी४ वर येऊन बसतो. तिथून तो जी७ च्या प्याद्यावर रोखलेला आहे, म्हणून काळ्याचा एफ८ चा उंट जागचा हलू शकत नाही. पुढे तुमचा घोडा सी३ ला येणार आणि तिथून बी५ किंवा डी५ ला जाऊन सी७ च्या प्याद्यावर नेम धरणार. त्या प्याद्याला जोर द्यायला आता वजीर नाही. दोन मारामाऱ्या झाल्या, मोहरे समान राहिले, आणि तुमचे दोन मोहरे कामाला लागले तर त्याचा एकही नाही.

हेच सूत्र सगळीकडे चालतं. मारामारी झाली की विचारायचं: परत मारायला जो मोहरा आला, तो आधीपेक्षा चांगल्या घरात आला का? आला असेल, तर समोरच्याने तुम्हाला एक चाल फुकट दिली. म्हणूनच शक्य तिथे आपण आधी मारू नये, त्याला मारू द्यावं. दोन प्यादी किंवा दोन मोहरे एकमेकांसमोर ताणून उभे असले की तो ताण सहन करणं हेच कसब आहे. सवयीने मारणाऱ्याला तो सहन होत नाही आणि आधी मारण्याचा तोटा त्याच्या पदरी पडतो.

उंटाने माझा एफ३ चा घोडा जखडतो (घोडा हलला तर मागचा वजीर मारला जाईल असा अडकवतो) आणि लगेच मारून टाकतो. हे थांबवता येईल का?

थांबवू नका, होऊ द्या. त्याने उंट जी४ ला आणला ही एक चाल, घोडा मारला ही दुसरी. तुम्ही वजिराने परत मारलं, म्हणजे तुमचा वजीर आपसूक बाहेर आला. वर तुमच्याकडे दोन उंट राहिले आणि त्याच्याकडे एकच. तुम्ही एच३ प्यादं पुढे केल्यावर त्याने मारलं तर निदान तुमची एक चाल तिथे खर्च झाली. न विचारता मारणारा तर तेवढंही करायला लावत नाही. पुढे प्याद्यांच्या ओळी मोकळ्या करा, म्हणजे दोन उंटांना लांबचा पल्ला मिळेल.

एक काळजी घ्या: जी प्याद्याने परत मारायची वेळ येणार नाही असं बघा. वजिराला एफ३ ची वाट मोकळी असली पाहिजे.

मला मारामारी नकोच असेल तर?

मग ती का नको, ते आधी ठरवा. एक कारण अगदी रास्त आहे: तुमच्याकडे जागा जास्त आहे. तुमची प्यादी ई४ आणि डी५ वर, त्याची ई५ आणि डी६ वर, असा पट असेल तर त्याचे घोडे आणि उंट एकमेकांच्या पायात येत असतात. त्याला मोहरे कमी करून श्वास घ्यायचा असतो. अशा वेळी घोडा एक घर मागे घेऊन मारामारी नाकारणं योग्यच. त्याची अडचण तशीच राहते.

दुसरं रास्त कारण म्हणजे तुमचा हल्ला चालू आहे आणि जो मोहरा तो मागतोय, तोच हल्ल्याचा कणा आहे.

या दोन्हींपैकी काहीच नसेल, फक्त 'मोहरे जास्त असले की मजा येते' एवढंच असेल, तर मागे येण्यात चाल वाया जाते आणि समोरच्याला कळतं की तुम्हाला मारामारीची धास्ती आहे. मग तो प्रत्येक चालीला तीच धमकी देतो आणि तुम्हाला मागे मागे ढकलत नेतो.

वजिरावजिरी झाली, राजाला किल्लेकोट (राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजा सुरक्षित करणं) करता येणार नाही. डाव गेला का?

नाही. वजीर नसले की मधला राजा बराच सुरक्षित असतो आणि शेवटच्या डावात तो मध्यभागी असणं फायद्याचं ठरतं. २००० साली लंडनमध्ये जगज्जेतेपदाच्या लढतीत क्रामनिकने कास्पारोवविरुद्ध बर्लिन बचाव (काळ्याची सुरुवातीची एक पद्धत) काढला. त्यात आठव्या चालीला वजीर जातात आणि काळ्याचा राजा किल्लेकोटाविना डी८ वर अडकतो. कास्पारोव हल्ल्याचा बादशहा, पण त्याला ती भिंत फोडता आली नाही. पंधरा डावांत एकही विजय न मिळता त्याने जगज्जेतेपद गमावलं.

तो एका घोड्याने पुढे आहे आणि आता सगळं कापत सुटलाय. हा तर रडीचा डाव!

रडीचा नाही, त्याचं बरोबर आहे. गणित बघा. राजा सोडून पूर्ण सैन्याची किंमत ३९ धरतात: वजीर ९, दोन हत्ती १०, उंट-घोडे मिळून १२, प्यादी ८. एक घोडा कमी असताना ३६ विरुद्ध ३९ असं चित्र असतं, म्हणजे लढत देता येते. प्यादी सोडून बाकी सगळं समान कापत गेलं की शेवटी मोहऱ्यांत शून्य विरुद्ध तीन उरतं. फरक तोच, पण आता तुमच्या प्याद्यांना वाचवायला कुणी नाही.

तुम्ही मागे असाल तर उलट वागायचं: मोहरे राखायचे आणि प्यादी कापायची. कारण नुसत्या एका घोड्याने किंवा एका उंटाने मात होत नाही. सगळी प्यादी संपवलीत आणि त्याच्याकडे एकटा घोडा राहिला, की डाव बरोबरीत. दोन घोडे उरले तरी एकट्या राजावर जबरदस्तीने मात करता येत नाही. आणखी एक आसरा आहे: त्याच्याकडे कडेचं प्यादं आणि उंट उरला असेल, आणि त्या प्याद्याचं वजीर होण्याचं घर उंटाच्या रंगाचं नसेल, तर तुमचा राजा त्या कोपऱ्यात जाऊन बसला की कुणी काही करू शकत नाही. मोहरा कमी असतानाही अशा टोकांकडे डाव नेता येतो, म्हणून दर प्याद्याच्या मारामारीला मनात हिशेब ठेवायचा.

आणि वजीर अजिबात सोडायचा नाही. वजीर पटावर आहे तोवर राजावर शह पडू शकतात, आणि पुढे असलेला माणूस सैलावतो.

मी पुढे असेन तर मीही तेच करू का?

बेलाशक. फक्त मोहरे कापा, प्यादी नको.

काळ्यांनी फ्रेंच बचाव खेळलो की समोरचा लगेच प्यादं मारून सगळं सपाट करतो. फ्रेंच सोडून देऊ?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर सांगतो. ई४ ई६, डी४ डी५, आणि तिसऱ्या चालीला पांढऱ्याने ई प्याद्याने डी५ मारलं, काळ्याने ई प्याद्याने परत मारलं. दोन्ही बाजूंची प्यादी आरशातल्यासारखी, मधली ई पट्टी पूर्ण मोकळी. लोक म्हणतात, आता हत्ती त्या पट्टीवर एकमेकांना कापणार आणि बरोबरी होणार.

होते, दोघांनाही तीच हवी असेल तर. पण १९९० च्या मनिला इंटरझोनलमध्ये (जगज्जेतेपदाच्या पात्रता फेरीत) काय झालं ते पाहा. शेवटच्या फेरीत मिखाइल गुरेविचला पुढे जायला फक्त अर्धा गुण, म्हणजे एक बरोबरी, हवी होती. पांढऱ्या मोहऱ्यांनी त्याने नायजेल शॉर्टच्या फ्रेंचविरुद्ध हाच मारामारीचा प्रकार निवडला. शॉर्टने तो डाव जिंकला, तो कॅन्डिडेट्समध्ये (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या पुढच्या टप्प्यात) गेला आणि गुरेविच बाहेर राहिला. त्याच स्पर्धेतून आपला विश्वनाथन आनंद पहिल्यांदा कॅन्डिडेट्सला पोहोचला. अर्धा गुण हवा म्हणून पट सपाट करणाऱ्याच्या मनात एकच उद्देश असतो, आणि डाव पुन्हा तापला की त्याच्याकडे दुसरी योजना नसते. हे शॉर्टने ओळखलं होतं.

याहून झणझणीत डाव १९७८ चा, इस्रायलमधल्या बीरशेबाचा. स्टेफानो टाटाईने व्हिक्टर कोर्चनॉयविरुद्ध हेच मारामारीचं फ्रेंच खेळलं. चौथ्या चालीला पांढऱ्याचा उंट डी३ ला आला आणि कोर्चनॉयने तिथल्या तिथे सी५ प्यादं फेकून आरसा फोडला. डी५ ला एकटं प्यादं पत्करलं, बदल्यात मोहरे भराभर बाहेर काढले. टाटाईने वजीर ई२ ला आणून शह दिला होता, तोच वजीर पुढे ई पट्टीवर काळ्याच्या हत्तीसमोर अडचणीत आला आणि त्याला सी२ ला पळावं लागलं. मग बाराव्या चालीला काळ्याचा वजीर जी३ वर! पांढऱ्याच्या एफ आणि एच प्याद्यांच्या मधोमध. एफ प्याद्याला तो मारता येत नाही, कारण सी५ च्या उंटाने ते राजाशी जखडलंय. जी प्यादंही हलत नाही, कारण आता समोर वजीर आणि मागे राजा. एच३ वर उंटाने मारायची धमकी आहे. चौदाव्या चालीनंतर टाटाईने डाव सोडला. ज्या मोकळ्या ई पट्टीने डाव कंटाळवाणा होणार होता, तिच्यावरूनच हत्ती आत शिरला होता.

तेव्हा फ्रेंच सोडू नका. सी५ चा झटका द्या, किंवा राजाच्या बाजूचा घोडा एफ६ ऐवजी ई७ ला काढा, किंवा समोरच्याने राजाच्या बाजूला किल्लेकोट केला तर तुम्ही वजिराच्या बाजूला करा. आरसा फोडायचा एवढंच लक्षात ठेवा.

मग मारामारी कमी होईल असं ओपनिंग (डावाची सुरुवात) कोणतं?

काळ्यांनी खेळताना ई४ ला सिसिलियन, म्हणजे सी५ ने उत्तर. तिथे तिसऱ्याचौथ्या चालीलाच प्याद्यांची रचना दोन्हीकडे वेगळी होते आणि आरसा राहत नाही. पांढऱ्यांनी खेळताना इटालियनमध्ये डी४ ची घाई न करता डी३ ठेवलं, तर मधली प्यादी जागेवर राहतात आणि मोहरेही टिकतात. पण असं ओपनिंग शोधण्यात फार वेळ घालवू नका, मारणारा कुठेही मारतो. नावात मारामारी आहे म्हणून बिचकूही नका. क्वीन्स गॅम्बिटमध्ये चौथ्या चालीला सी प्याद्याने डी५ मारतात, तो प्रकार म्हणायला मारामारीचाच. पण त्यातून येणारा डाव भरगच्च असतो: पांढरा बी प्यादं बी५ पर्यंत नेऊन काळ्याची सी६ ची बाजू फोडू बघतो, काळा राजाकडे हल्ला बांधतो.

मोठे खेळाडूही असं खेळतात?

खेळतात, आणि त्यांचे ते डाव बघितले की मारामारीकडे बघण्याची नजर बदलते. १९१४ च्या सेंट पीटर्सबर्ग स्पर्धेत लास्करला कापाब्लांकाविरुद्ध विजयच हवा होता. अशा वेळी माणूस गुंतागुंतीचा डाव निवडेल. लास्करने रुय लोपेझ या ओपनिंगमध्ये उंटाने सी६ चा घोडा मारला आणि सातव्या चालीला तर वजीरही गेले होते. सगळ्यांना वाटलं असणार, याला बरोबरी हवीय. पण त्या मारामारीने काळ्याची सी प्यादी एकावर एक आली होती. आता इथून सगळे मोहरे उचलून फक्त राजे आणि प्यादी ठेवली तर पांढरा जिंकतो, कारण राजाच्या बाजूला त्याची चार प्यादी तीनांवर चालून जाऊ शकतात आणि काळ्याची वजिराच्या बाजूची चार मात्र तीनांना भेदू शकत नाहीत. म्हणजे दर मारामारीगणिक पांढरा थोडा जवळ येत होता. लास्करने पुढे एफ५ प्यादं रेटून घोडा ई६ वर रोवला आणि कापाब्लांकाला हालचाल उरली नाही. डाव पांढऱ्याचा.

चेन्नईत २०१३ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत कार्लसनने आनंदला साडेसहा विरुद्ध साडेतीन असं हरवलं. आपल्यापैकी कितीतरी जणांनी ते डाव जीव मुठीत धरून पाहिले. सहावा डाव आठवा: मोहरे जात जात हत्तींचा शेवटचा डाव उरला, पुष्कळांना तो बरोबरीचा वाटत होता, आणि कार्लसन खेळत राहिला आणि जिंकला. मोहरे कमी झाले म्हणजे डाव संपला, असं त्याला कधी वाटतच नाही.

कुठला मोहरा द्यायचा आणि कुठला ठेवायचा, हे कसं ठरवायचं?

दोन्ही मोहऱ्यांकडे बघून, फक्त आपल्याकडे नाही. १९७१ साली ब्वेनोस आयरेसमध्ये फिशरने पेत्रोस्यानविरुद्ध सातव्या डावात जे केलं ते इथे शिकण्यासारखं आहे. त्याचा घोडा सी५ वर दिमाखात बसला होता. पेत्रोस्यानचा डी७ चा उंट लंगडा, स्वतःच्याच प्याद्यांमागे. फिशरने तो देखणा घोडा देऊन तो लंगडा उंट मारला. बघणाऱ्यांना धक्काच बसला. पण घोडा गेल्यावर सी पट्टी मोकळी झाली, फिशरचा हत्ती तिथून सातव्या रांगेत घुसला, आणि तो लंगडा उंट जी घरं राखत होता ती उघडी पडली. आपला मोहरा किती सुंदर आहे, यापेक्षा मारामारीनंतर पटावर काय उरेल ते महत्त्वाचं.

त्याच वर्षी टाइमानोवविरुद्ध चौथ्या डावात फिशरने उंट राखला, समोरच्याकडे घोडा उरू दिला आणि हत्ती कापून टाकले. प्यादी दोन्ही टोकांना होती, अशा पटावर उंट एका चालीत इकडून तिकडे जातो आणि घोड्याची धावपळ होते. तुमच्या डावांत बहुतेक निर्णय याच एका प्रश्नावर येतील: प्यादी दोन्ही बाजूंना पसरली असतील तर उंट ठेवा, रचना बंद असेल तर घोडा.

शेवटचा डाव येत नाही, म्हणूनच मारामारीची भीती वाटते. सुरुवात कुठून करू?

हे ज्याला कळलं त्याने अर्धी वाट चाललीच. राजा आणि एक प्यादं विरुद्ध राजा, इथून. एक स्थिती पाठ करा: पांढरा राजा ई६, प्यादं ई५, काळा राजा ई८. चाल कुणाचीही असो, पांढरा जिंकतो. म्हणजे प्याद्याच्या आधी राजा पुढे न्यायचा. प्यादं आधी रेटणारे दर स्पर्धेत अर्धा अर्धा गुण उधळतात. कडेच्या प्याद्याला हा नियम लागू नाही, तेवढं ध्यानात ठेवा.

मग हत्तीचे दोन धडे. जिंकणाऱ्यासाठी लुसेनाची स्थिती: आपला राजा प्याद्याच्या पुढे शेवटच्या रांगेत, प्यादं सातव्या रांगेत, आणि आपला हत्ती चौथ्या रांगेत आणून मागून येणारे शह अडवायचे. वाचवणाऱ्यासाठी फिलिडोरची स्थिती: पांढऱ्याचं प्यादं पाचव्या रांगेत असेपर्यंत आपला हत्ती सहाव्या रांगेत आडवा ठेवायचा म्हणजे त्याचा राजा वर येऊ शकत नाही, आणि प्यादं सहाव्या रांगेत आलं की हत्ती पार मागे नेऊन पाठीमागून शह देत सुटायचं. एवढं आलं तरी सवयीने मारणाऱ्या बहुतेक खेळाडूंपेक्षा तुम्ही पुढे जाल. त्यांच्यातले पुष्कळ जण शेवटच्या डावापर्यंत घाईने येतात आणि तिथे काय करायचं ते त्यांना ठाऊक नसतं.

माझी आठ वर्षांची मुलगी स्वतःच सारखी मारते. तिला कसं थांबवू?

'मारू नकोस' म्हणू नका. मुलं मग मारायलाच घाबरतात, आणि फुकटचा बिनजोर मोहरा समोर असला तरी सोडून देतात. तिला एकच प्रश्न लावून द्या: "तू मारलंस तर परत मारायला कोण येईल, आणि तो येऊन कुठे बसेल?" तोंडाने मोठ्याने उत्तर द्यायला सांगा. उत्तर दिल्यानंतर तिला वाटलं तर मारू दे, चूक असली तरी. तो मोहरा चांगल्या घरात येऊन पुढच्या दोन चालींत त्रास द्यायला लागला की तिला दिसतं. दहा वेळा सांगून जे होत नाही ते यातून होतं.

सरावासाठी घरी एक खेळ खेळा: पहिल्या दहा चालींत कुणी समान मारामारी करायची नाही, फुकटचा मोहरा मिळाला तर मात्र घ्यायचा. मुलं मोहऱ्यांना जोर द्यायला शिकतात, ताण सहन करायला शिकतात, आणि पट भरलेला असला तरी घाबरायचं कारण नाही हे त्यांना कळतं. आईवडिलांनी डाव संपल्यावर 'किती मारलेस?' हा प्रश्न मात्र कायमचा बंद करावा.

ब्लिट्झमध्ये (काही मिनिटांच्या झटपट डावांत) हे सगळं आठवायला वेळ कुठे असतो?

नसतो. म्हणून तिथे घड्याळाचा विचार करा. दर चालीला सेकंद वाढणारे डाव निवडा. पट रिकामा झाल्यावर वाढीव सेकंद असतील तर नीट खेळून जिंकता येतं, नसतील तर समोरचा हत्ती इकडून तिकडे हलवत तुमची वेळ संपवतो.

मोहरे कापून झाले की दर चालीला बरोबरी मागतो. काय करावं?

बरोबरीचा प्रस्ताव आपली चाल केल्यावर आणि घड्याळ दाबायच्या आधी द्यायचा असतो. तुम्ही तोंडी नकार देऊ शकता, किंवा सरळ पुढची चाल करा, तोही नकारच. वाद घालायची गरज नाही. पुन्हा पुन्हा विनाकारण प्रस्ताव देणं हे प्रतिस्पर्ध्याला त्रास देणं आहे आणि फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या नियमांत त्याला मनाई आहे. घड्याळ थांबवा, पंचांना बोलवा आणि शांतपणे सांगा. ते ताकीद देतील. मग खुर्चीवर नीट बसा आणि राजा मध्यभागी न्यायला सुरुवात करा.